मुलाचा नंबर लागेपर्यंत

मुलाला तज्ज्ञांकडे दाखवायचं एकदाचं ठरतं, फोन लावला जातो आणि पलीकडून दोन-तीन महिन्यांनंतरची तारीख मिळते. दोन वर्षांच्या मुलासाठी तीन महिने म्हणजे फार मोठा काळ. आपण तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो आणि थांबतो. पण हा थांबण्याचा काळ बराच कमी करता येतो आणि जो उरतो तो कामी लावता येतो. कसा, ते आपण एकेक टप्प्याने पाहू.

तज्ज्ञ कमी आहेत, हे खरंच आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. साठ मुलांच्या वर्गाचा हिशेब केला तर चार मुलं. एवढ्या मुलांना पुरतील इतके बालमानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत आहेत.

तरीही सगळी वाट डॉक्टरांसाठीच पाहावी लागते, असं नाही. तिचे चार तुकडे पडतात. पहिला घरातला, म्हणजे शंका आल्यापासून कुणाला तरी विचारेपर्यंतचा. दुसरा चुकीच्या दारांवरचा. तिसरा तारीख घेतल्यापासून पहिल्या भेटीपर्यंतचा. आणि चौथा पहिल्या भेटीपासून उपचार खरोखर सुरू होईपर्यंतचा. यातला तिसराच सगळ्यांना दिसतो. वेळ मात्र उरलेल्या तिन्हींतही भरपूर जातो.

रांगेत उभं राहायचंच नाही, अशी वेळ

मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, खाणं जवळजवळ थांबलं असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा ताप-झटक्यांबरोबर वागणं एकाएकी बदललं असेल, तर तारीख घेऊ नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत, थेट जा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. मुलावर अत्याचार झाल्याची शंका असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

इतकी तातडी नसेल, पण आजच कुणाशी तरी बोलायला हवं असं वाटत असेल, तर १४४१६ हा नंबर फिरवा. ही ‘टेली मानस’ सेवा, ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मुलाला फोनवर आणण्याचीही गरज नाही, आई-वडील स्वतःसाठी सल्ला मागू शकतात. यादीत नाव असतानाही हा फोन करता येतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

पहिला टप्पा : घरातली वाट

“याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते,” हे वाक्य आपल्या घरांत प्रेमापोटीच म्हटलं जातं. पण त्या एका वाक्यापायी वर्ष निघून जातं. म्हणून काही खुणा लक्षात ठेवा. वर्षभराचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द हरवले असतील, तर “बघू” म्हणायचं नाही. शेवटची खूण तर कोणत्याही वयात गंभीरच.

मोठ्या मुलांत खुणा वेगळ्या असतात. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखणं, झोप उडणं, मित्र तुटणं, आवडीचे खेळ सोडून देणं, मार्क अचानक घसरणं. असं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर विचारायला हवं. विचारल्याने मुलावर कसलाही शिक्का बसत नाही. मुलाला काही नाही असं निघालं, तर तेही कळलेलं चांगलंच.

दुसरा टप्पा : योग्य दार

पहिलं दार म्हणजे मुलाला लस देणारे आपले नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. बरेच जण त्यांना वगळून थेट मोठ्या केंद्राकडे धावतात. मग तिथे तीन महिन्यांनी नंबर लागतो आणि पहिल्याच भेटीत सांगितलं जातं, “आधी कान तपासून या.” पुन्हा तारीख, पुन्हा वाट.

हे टाळता येतं. मूल बोलत नसेल तर पहिला प्रश्न असतो, त्याला ऐकू येतं का? त्यासाठी ‘बेरा’ नावाची तपासणी असते. झोपलेल्या मुलाच्या कानात आवाज सोडून तो मेंदूपर्यंत पोचतो का, हे त्यात पाहतात. मूल वाचनात मागे असेल तर डोळे आणि कान दोन्ही तपासावे लागतात. लक्ष लागत नसेल तर झोप, झटके, रक्तातलं लोह यांची चौकशी डॉक्टर करतील. या तपासण्या जवळच्या गावातही होऊ शकतात. त्या आधी उरकून घ्या आणि डॉक्टरांकडून पुढच्या तज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून घ्या. “मूल दाखवावे” एवढंच नको. काय दिसलं, कोणत्या तपासण्या झाल्या आणि नेमका प्रश्न काय आहे, हे त्या चिठ्ठीत असावं. अशी चिठ्ठी पाहून केंद्राला मूल योग्य माणसाकडे पाठवता येतं.

ती योग्य माणसं कोण, तेही थोडक्यात पाहू. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलून, वागणुकीच्या सरावाने उपचार करतात. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ मुलाची वाढ आणि विकास पाहतात. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट असतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजची कामं, हातांची कौशल्यं आणि आवाज-स्पर्शाला मुलाचा प्रतिसाद यांवर काम करतात. विशेष शिक्षक अभ्यासाच्या अडचणींवर. दोन वर्षांचं न बोलणारं मूल आणि परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली पंधरा वर्षांची मुलगी यांना एकाच रांगेत उभं करण्यात अर्थ नसतो.

सरकारी वाट बऱ्याच जणांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. त्यातली वैद्यकीय पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येऊन मुलं तपासतात. विकासातला विलंब हा त्यांच्या तपासणीचा भागच आहे. पुढे जिल्हा पातळीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, बोलीभाषेत ‘डीईआयसी’. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा आणि श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक हे सगळे एका छताखाली आणि मोफत मिळावेत, अशी तिथली रचना आहे. प्रत्यक्षात काही पदं रिकामी असू शकतात. म्हणून निघण्याआधी फोन करून कोण कोणत्या वारी बसतं, ते विचारा. शंभर किलोमीटर जाऊन “मॅडम गुरुवारी असतात” ऐकण्याची पाळी यायला नको. अंगणवाडीताईंना पथकाची पुढची तारीख विचारणं, हा सर्वांत सोपा आरंभ.

किशोरवयीन मुलांसाठी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडी आणि सरकारी दवाखान्यांतली किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ केंद्रं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. नामांकित खासगी केंद्राच्या लांब यादीत थांबत असतानाच या ठिकाणी सुरुवात करून घ्यायला काहीच हरकत नाही.

तिसरा टप्पा : तारीख घेताना आणि तारखेपर्यंत

फोनवर “मुलाला दाखवायचंय” एवढंच सांगू नका. वय, मुख्य अडचण, ती केव्हापासून आहे, शाळा बंद पडली आहे का, झोप-खाणं कसं आहे, हे चार वाक्यांत सांगा. यादी लावणारी व्यक्ती तेवढ्यावरच निकड ठरवत असते. मग विचारा : कुणी ऐनवेळी तारीख रद्द केली तर आम्हाला बोलवाल का? किती वेळ आधी कळवलं तर आम्ही पोचू शकतो, तेही सांगून ठेवा. आधी भरायचे फॉर्म असतील तर मागून घ्या. वैद्यकीय समाजसेवक किंवा मानसशास्त्रज्ञ आधी भेटू शकतात का, पहिली भेट व्हिडिओवर होऊ शकते का, हेही विचारा. हे विचारताना संकोच वाटायचं कारण नाही.

आता फाइल. यात थोडी मेहनत घेतली तर एक अख्खी फेरी वाचते. जन्माच्या वेळची कागदपत्रं, लसीकरणाचं कार्ड, झालेल्या तपासण्या आणि चालू औषधं लागतात. शाळेकडून वर्गशिक्षकांचं पत्र घ्या. मूल अभ्यासात कुठे अडतं, वर्गात कसं वागतं, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतं, हे त्यात हवं. “हुशार आहे पण आळशी आहे” अशा शेऱ्याचा तज्ज्ञांना उपयोग नसतो. वाचन किंवा लेखनाची शंका असेल तर मुलाच्या नेहमीच्या वह्या न्या, मुद्दाम नीट लिहून घेतलेलं पान नको. बोलण्या-वागण्याची शंका असेल तर घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ फोनमध्ये ठेवा. दवाखान्यात मूल बुजतं आणि ज्यासाठी आलो तेच दिसत नाही.

आणि एक पान स्वतः लिहा. काय घडतं, त्याच्या आधी काय झालेलं असतं, आपण काय करतो, त्यानंतर मूल काय करतं. आठवड्यातले तीन प्रसंग एवढ्या तपशिलात लिहिले, तर पहिल्या भेटीतला बराच वेळ विचारपूस करण्याऐवजी उपायांवर जातो.

दरम्यानचे आठवडे रिकामे जाऊ देऊ नका. इथे मोठा गैरसमज आहे की, निदान झाल्याशिवाय काही सुरू करता येत नाही. न बोलणाऱ्या मुलाची स्पीच थेरपी ऑटिझमचं निदान होण्याची वाट पाहत नाही. (ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, ज्यात इतरांशी संवाद साधणं आणि त्यांच्यात मिसळणं मुलाला जन्मापासूनच वेगळं, अवघड जातं.) घरी दिवसातून दोन-तीनदा, मोबाइल-टीव्ही बंद करून, जमिनीवर मुलाच्या समोर बसा. ते जे करतंय त्यातच सामील व्हा. ते गाडी फिरवत असेल तर आपणही फिरवा, एक-दोन शब्दांत बोला आणि मग थांबा, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. प्रश्नांचा मारा नको. धास्तीमुळे शाळा टाळणाऱ्या मुलाची शाळा पूर्ण बंद होऊ देऊ नका. दोन तास का होईना, जाणं चालू राहू द्या, कारण घरी बसलेला प्रत्येक आठवडा परतणं अवघड करतो. वाचनात अडणाऱ्या मुलासाठी पुढचा बाक, तोंडी उत्तराची मुभा, फळ्यावरचं लिहून घ्यायला जास्त वेळ, या गोष्टी वर्गशिक्षक कोणत्याही प्रमाणपत्राविना आजपासून देऊ शकतात. त्या मागा.

चौथा टप्पा : पहिल्या भेटीनंतरची, न मोजलेली वाट

पहिली भेट झाली की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. पण बऱ्याच ठिकाणी इथून दुसरी रांग सुरू होते : चाचणीची, मग अहवालाची, मग थेरपीची. त्या खोलीतून बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. पुढची पायरी कोणती? ती कोण करणार आणि कोणत्या तारखेला? तोवर आम्ही घरी काय करायचं? उत्तरं केसपेपरवर लिहून घ्या.

चाचण्यांच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. एक, धीर सुटून तीच बुद्ध्यंक चाचणी दोन-तीन ठिकाणी करून घेणं. मुलाला प्रश्न ओळखीचे होतात, निकालावर भरवसा राहत नाही आणि पुढचे तज्ज्ञ ठरावीक काळ थांबायला सांगतात. दुसरी, चाचणी घेणाऱ्याची नोंदणी न पाहणं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असावे लागतात. तो क्रमांक अहवालावर नसेल तर प्रमाणपत्राच्या वेळी तो अहवाल चालत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पैसे जातात आणि वेळही जातो.

प्रमाणपत्राबद्दल दोन शब्द वेगळे. वाचन, लेखन किंवा गणितातली विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही या कौशल्यात ठळकपणे मागे असणं, ही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोडते. महाराष्ट्राने तर १९९६पासूनच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या आहेत. तिसरीपर्यंत किंवा आठ वर्षांपर्यंत शाळेनेच पहिली चाळणी करावी, असं केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं होतं. पण घरोघरी हा विषय निघतो तो दहावीत, सहामाहीचे मार्क आल्यावर. मग ठरावीक अधिकृत रुग्णालयांत एकाच वेळी गर्दी होते, बोर्डाकडे अर्ज पाठवायची मुदत जवळ येते आणि मूल सराव परीक्षा सोडून चाचण्यांच्या फेऱ्या मारतं. तिसरी-चौथीत शंका आली तर तेव्हाच दाखवा. प्रमाणपत्र दहावीत उपयोगी पडतं, पण वाचन शिकवण्याचं खरं काम तेव्हा सुरू करणं फार उशिराचं असतं.

दवाखान्याच्या बाजूने

रांग कमी करण्याचं ओझं सगळं पालकांवर टाकणं अन्यायाचं होईल. आपण रुग्णालयाच्या समितीत, संस्थेच्या विश्वस्त मंडळात किंवा शाळेच्या व्यवस्थापनात असाल, तर पुढचा भाग आपल्यासाठी आहे.

हिशेब साधा आहे. समजा, एका केंद्रात आठवड्याला दहा नवी मुलं येतात आणि आठच तपासून होतात. वर्षअखेर शंभरावर मुलं थांबलेली असतील. आता एक डॉक्टर वाढवून दहाची सोय केली, तरी ती शंभर तशीच राहतात, रांग फक्त वाढायची थांबते. एखादं शिबिर घेऊन शंभरही संपवली, पण आठवड्याची सोय पुन्हा आठवर आली, तर वर्षाने तेच. म्हणून साचलेली रांग एकदाच संपवण्याचं काम आणि दर आठवड्याची आवक-जावक जुळवण्याचं काम, ही दोन्ही करावी लागतात. केवळ शिबिरं घेऊन प्रश्न सुटत नाही.

इंग्लंडमध्ये ॲन यॉर्क आणि स्टीव्ह किंग्सबरी या दोन बालमानसोपचारतज्ज्ञांनी यासाठी एक पद्धत बसवली, ‘चॉइस अँड पार्टनरशिप ॲप्रोच’ नावाची. पुढे ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडातही वापरली गेली. तिचा गाभा असा : पहिली भेट लवकर द्यायची आणि ती भेट कुटुंबाला काय हवंय, कशाचा उपयोग होईल, हे मिळून ठरवण्यासाठी वापरायची. काही घरांना एवढ्या एका बैठकीतूनच वाट सापडते. ज्यांना पुढे उपचार लागतात, त्यांच्या गरजेचं कौशल्य असलेल्या माणसाच्या रोजनिशीतली तारीख तिथेच, उठण्याआधी दिली जाते. मधली दुसरी रांग तयारच होऊ द्यायची नाही. त्यासाठी कोणाकडे आठवड्यात किती नव्या जागा आहेत, हे तिमाहीआधीच ठरवून ठेवावं लागतं. ही शिस्त अवघड आहे. पण ती नसेल तर बाकीचं सगळं कोसळतं.

मोजायचं काय, हेही महत्त्वाचं. पहिल्या भेटीपर्यंतचे दिवसच मोजले, तर केंद्रं पहिली भेट पटकन उरकतात आणि मुलं आत जाऊन थांबतात. स्कॉटलंडमध्ये उद्दिष्ट ठेवलं गेलं ते उपचार सुरू होईपर्यंतचं : चिठ्ठी आल्यापासून अठरा आठवड्यांत, शंभरातल्या नव्वद मुलांचे. ते गाठायला त्यांनाही वर्षानुवर्षं लागली. तरी मोजणी योग्य जागी होती, हे मला मोलाचं वाटतं.

आणि प्रत्येक काम तज्ज्ञानेच करायचं नाही. याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांबरोबर ऑटिझम असलेल्या लहान मुलांसाठी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. मुलाशी संवाद कसा साधायचा, हे पालकांना तज्ज्ञांनी नव्हे तर प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी शिकवलं. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. तज्ज्ञांचं काम देखरेखीचं राहिलं. आपल्याकडे रांग आटोक्यात आणायची तर हाच रस्ता घ्यावा लागेल, अशी माझी खात्री आहे. मात्र देखरेख काढून घेतली तर तो रस्ता धोक्याचा ठरतो.

हे सगळं मागण्याचा आपल्याला हक्क आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १८व्या कलमाने प्रत्येकाला सरकारी सेवेचा अधिकार दिला आहे आणि त्यात मुलांसाठीच्या सेवांचा स्वतंत्र उल्लेख आहे. जिल्ह्यातल्या केंद्रात मानसशास्त्रज्ञाचं पद रिकामं असेल, तर जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा आणि त्या पत्राची पोच घ्या.

शेवटी एक विनंती, जी आजच पाळता येईल. आपण दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवलं असेल आणि एका ठिकाणी काम झालं, किंवा ठरलेल्या दिवशी जाणं जमणार नसेल, तर निदान एक दिवस आधी फोन करून कळवा. न कळवता गैरहजर राहिलं की ती वेळ वाया जाते. कळवलं की यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावता येतं.